मला वाटलं, तो उभाच आहे

दोन महिने होऊन गेले, पण आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. संध्याकाळची वेळ होती. मी गाडी चालवत होते, आई शेजारच्या सीटवर. दोन्ही बाजूंना मोकळा सपाट माळ, नजर जाईल तिथवर आडोसा म्हणून कशाचा नाही. पुढे एक रस्ता आमच्या रस्त्याला काटकोनात छेदून जात होता. सिग्नल नाही, गतिरोधक नाही, वर्दळही नाही. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा दिसला म्हणून वेग तसाच ठेवला. चौक अगदी तोंडाशी आला आणि आईने "अगं थांब, थांब!" म्हणत माझ्या मांडीवर हात मारला. मी ब्रेक दाबला. टायर किंचाळले, मागच्या सीटवरची पिशवी सरकून खाली पडली आणि आमच्या गाडीच्या नाकापासून हातभर अंतरावरून एक टेम्पो उजवीकडून डावीकडे निघून गेला. त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा मला क्षणभर दिसला. घाबरलेला नव्हता तो. त्याने आम्हाला पाहिलंच नव्हतं. मग धूळ आणि जळक्या रबराचा वास. इंजिन बंद पडलं होतं. कुठेतरी टिटवी ओरडत होती, ती आधीपासून ओरडत असणार, मला तेव्हा ऐकू आली. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मला तो केव्हाचा दिसत होता गं. पण मला वाटलं, तो उभाच आहे."

एवढ्या उघड्या माळावर एवढा मोठा टेम्पो मला दिसला नाही, याची मला लाज वाटत राहिली. आणि आईला दिसला असूनही तो चालता आहे हे कळलं नाही, याचं नवल. त्या रात्री मी मामाला फोन केला. मामाची सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर गेली. अशा गोष्टी मी लहानपणापासून त्यालाच सांगत आले आहे. मी चौक सांगितला, टेम्पो सांगितला, आईचं वाक्य सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "बेअरिंग बदलत नव्हतं. बाकी काही नाही."

मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि मी गणित शिकवणारी बाई असूनही ते मला नव्याने कळलं. समुद्रात दुसरं जहाज दिसलं की त्याची दिशा, म्हणजेच बेअरिंग, होकायंत्रावर टिपायची. थोड्या वेळाने पुन्हा टिपायची. दिशा बदलत असेल तर ते तुमच्या पुढून नाहीतर मागून निघून जाणार. अंतर कमी होतंय आणि दिशा मात्र तीच राहते आहे, याचा अर्थ तुम्ही दोघं एकाच बिंदूकडे चालला आहात. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यातल्या सातव्या नियमात हे स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या बाबतीत तेच झालं होतं. माझी गाडी एका वेगाने सरळ चाललेली, टेम्पो त्याच्या वेगाने सरळ चाललेला, आणि दोघं चौकात एकाच वेळी पोचणार होतो. त्यामुळे तो काचेवरच्या एकाच जागी चिकटून बसल्यासारखा होता. माझ्या दुर्दैवाने ती जागा काचेच्या कडेच्या खांबाआड होती, आणि मी जशी पुढे सरकत होते तसा तोही खांबाआडच सरकत होता. आईला तो समोरच्या काचेतून स्वच्छ दिसत होता, पण क्षितिजावरच्या झाडांसारखा स्थिर. जे आपल्यावर चालून येतं ते हलताना दिसत नाही. नुसतं मोठं होत जातं, आणि तेही शेवटी शेवटी.

"क्षेपणास्त्रं हेच करतात," मामा म्हणाला. "फक्त मुद्दाम करतात."

त्या रात्री मला झोप आली नाही. क्षेपणास्त्रांबद्दल मी काही वाचलं नव्हतं असं नाही. पण माझ्या मनातली कल्पना पाठलागाची होती: विमान पुढे पळतंय आणि ते त्याच्या मागे मागे. शिकारी कुत्रा सशामागे धावतो तसं. प्रत्यक्षात जे धावतं ते मागे धावत नाही. क्षेपणास्त्राच्या नाकातला डोळा लक्ष्याकडे रोखलेला असतो. डोळ्यापासून लक्ष्यापर्यंत एक कल्पित रेषा काढली, तर ती दृष्टिरेषा फिरते आहे का, एवढंच ते यंत्र मोजत राहतं. ती जितक्या वेगाने फिरत असेल त्याच्या तिपटी-चौपटीने, फार तर पाचपटीने, आपली वाट वळवायची. म्हणजे थोड्याच वेळात रेषा फिरायची थांबते. लक्ष्य काचेवर स्थिर होतं. मग काही करावं लागत नाही. दोघं आपोआप एका बिंदूवर येऊन मिळतात. लक्ष्य किती लांब आहे, कोणत्या वेगाने जातं आहे, पुढे कुठे जाणार आहे, यातलं काहीही माहीत नसलं तरी साध्या रूपात हा नियम चालतो. मी वहीत आकृती काढून पाहिली, दोन वेळा. एखादी सिद्धता फार सुंदर असली की आपसूक हसू येतं, तसं मला आलं. आणि आपण कशाला हसलो हे लक्षात आल्यावर वही मिटून ठेवली.

हा नियम माणसाने शोधण्याच्या कितीतरी आधीपासून हवेत होता. पाण्याच्या काठी चतुर उडतात. माशी पकडताना चतुर तिच्या मागे लागत नाही, ती जिथे पोचणार तिथे जाऊन तिला गाठतो, आणि अभ्यासकांनी मोजलेलं त्याचं यश शंभरात नव्वदच्या वर जातं. बहिरी ससाण्याच्या पाठीवर छोटे कॅमेरे आणि जीपीएस बांधून ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या झेपा टिपल्या. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की ससाणा भक्ष्याला गाठतो तो याच दृष्टिरेषेच्या नियमाने. फरक इतकाच, की त्याचा गुणक तिपटीपेक्षा थोडा कमी पडतो, त्याच्या वेगाला साजेसा. उंच गेलेला चेंडू झेलायला धावणारं पोरही असंच काहीतरी करतं. चेंडूवरची नजर ढळू न देता तो नजरेत ठरल्या रीतीने राहील असं धावत जातं, कुणी शिकवलेलं नसताना. हे सगळं मी वाचत गेले आणि माझी चलबिचल वाढत गेली. हा नियम वाईट आहे असं मला म्हणता येईना. तो पोराच्या झेलात आहे, चतुराच्या पंखात आहे.

या विद्येच्या सुरुवातीच्या काळात खरोखरच एका पक्ष्याला क्षेपणास्त्राच्या नाकात बसवायचं ठरलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्याच्या चित्रावर चोच मारायला शिकवलं. नाकातल्या भिंगातून समोरचं दृश्य पडद्यावर पडायचं. चोच मध्यावर पडली तर बॉम्ब सरळ जाणार, बाजूला पडली तर तो तिकडे वळणार. तीन कबुतरं शेजारी शेजारी बसवायची, म्हणजे एक चुकलं तर दोघांचं ऐकायचं. कबुतरं न थकता चोच मारत राहायची. १९४४ साली सरकारने प्रकल्प थांबवला. तोवर इलेक्ट्रॉनिक्स पुढे सरकलं होतं, आणि कबुतराच्या भरवशावर बॉम्ब सोडायला कुणी तयार नव्हतं. मला त्या कबुतरांचा विचार पुन्हा पुन्हा येतो. दाण्याच्या आशेने चित्रावर एकटक लक्ष ठेवणारा जीव, आणि ते चित्र मोठं मोठं होत का चाललंय हे त्याला ठाऊक नाही. पुढे त्याच्या जागी जे आलं त्याला तर दाणाही लागत नाही.

पुढचा डोळा उष्णता पाहणारा होता. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या चायना लेक इथे अमेरिकन नौदलाच्या केंद्रात विल्यम मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. वाळवंटातला एक साप भक्ष्याच्या अंगची ऊब ओळखतो, त्याचंच नाव त्या क्षेपणास्त्राला दिलं: साइडवाइंडर. तीन मीटर लांब, मनगटाच्या दुप्पट जाड. त्याच्या शेपटीच्या पंखांच्या टोकांना दातेरी चकत्या असत. वाऱ्याने त्या गरगर फिरायच्या, आणि भोवरा जसा फिरता असेपर्यंत कलंडत नाही तसं क्षेपणास्त्राचं स्वतःभोवती गरगरणं त्या आवरून धरायच्या. इतकी साधी, इतकी हुशार युक्ती. लढाईत ते पहिल्यांदा वापरलं गेलं २४ सप्टेंबर १९५८ रोजी, तैवानच्या सामुद्रधुनीवर. त्या संघर्षात एक साइडवाइंडर न फुटता चिनी मिग विमानात रुतून बसलं आणि विमानाबरोबर तळावर परतलं. तिथून ते सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती गेलं आणि त्यांनी त्यावरून आपलं के-१३ उभं केलं. पुढची कित्येक वर्षं दोन्ही बाजूंची विमानं एकाच डोळ्याची दोन भावंडं पंखांखाली घेऊन फिरत होती.

या डोळ्याला लक्ष्य सापडलं की वैमानिकाच्या कानात गुरगुर सुरू होते. सापडलेली ऊब जितकी ठळक तितका आवाज चढतो. सुरुवातीची क्षेपणास्त्रं सूर्याकडे पाहूनही गुरगुरायची, उन्हाने चमकणाऱ्या ढगाकडे पाहूनही. त्यांना विमानाच्या मागूनच, इंजिनाच्या तापलेल्या तोंडाकडे पाहावं लागे. मग डोळा सुधारला. त्यासाठी काय करावं लागलं, तर तो थंड करावा लागला. इंडियम अँटिमोनाइडचा संवेदक उणे १९० अंशांच्या आसपास नेऊन ठेवला की दूरवरची थोडीशी ऊबही त्याला कळते. ऊब पाहायची तर स्वतःत ऊब असून चालत नाही. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्याच्याकडे नुसती पाहत बसले. १९८२च्या फॉकलंड युद्धापर्यंत विमानाच्या समोरूनही ते ओळखू शकेल असं साइडवाइंडर आलेलं होतं. विमानांनी आमिष म्हणून जळत्या फ्लेअर सोडायला सुरुवात केली, तर पुढच्या पिढीचा डोळा उबेचा ठिपका न पाहता उबेचं चित्र पाहू लागला: हे पंख, हे इंजिन, आणि ही बाजूला पडलेली फ्लेअर. सोव्हिएत आर-७३ क्षेपणास्त्राबरोबर १९८०च्या दशकात शिरस्त्राणावर बसवलेलं नेम धरायचं साधन आलं. वैमानिकाने मान वळवून ज्याच्याकडे पाहिलं, क्षेपणास्त्रही त्याच्याकडे पाहणार.

लक्ष आणि लक्ष्य. आपल्या भाषेत या दोन शब्दांत एका य-काराचा फरक आहे.

लहानपणापासून मी हा शब्द ऐकत आले. लक्ष कुठे आहे तुझं? पोरांकडे लक्ष ठेव. आमच्यावर लक्ष असू द्या. घर सोडताना शेजाऱ्यांना, निरोप घेताना मोठ्यांना, देवासमोर हात जोडतानाही. माया करणं आणि नेम धरणं या दोहोंना आपण एकाच मुळातला शब्द का वापरला असेल? वेध या शब्दाचंही तसंच. बाण वेध घेतो, वेधशाळेत ताऱ्यांचे वेध घेतात, आणि सणाचे, सुट्टीचे, माहेरचे वेध लागतात. ज्याने हे शब्द पहिल्यांदा वापरले त्याच्या डोळ्यांसमोर धनुर्धारी असणार, आणि धनुर्धाऱ्याला बाण सुटेपर्यंत लक्ष्याकडे पाहत राहावंच लागत होतं.

बाण सुटल्यावरही पाहत राहावं लागे, असा एक काळ क्षेपणास्त्रांतही होता. सोव्हिएत बनावटीचं माल्युत्का हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, नाटोच्या भाषेत सॅगर, १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्शियन सैनिकांनी मोठ्या संख्येने वापरलं. पेटीत घालून पाठीवर नेता येई. त्याला केसासारखी बारीक तार जोडलेली, ती उलगडत क्षेपणास्त्र जाई, आणि सैनिक हातातल्या छोट्या दांड्याने ते वळवत नेई. तीन किलोमीटर जायला सुमारे पंचवीस सेकंद. तेवढा वेळ रणगाडाही नजरेत ठेवायचा आणि जळतं क्षेपणास्त्रही. पंचवीस सेकंद म्हणजे किती, ते घड्याळ समोर धरून पाहावं. मी पाहिलं. फार मोठा वेळ आहे तो. रणगाड्यातल्यांना हे कळल्यावर ते क्षेपणास्त्राकडे न पाहता, ते जिथून आलं असेल त्या झुडपावर, त्या टेकाडावर गोळ्यांचा मारा करू लागले. माणूस मरायला हवा असं नव्हतं. तो दचकला, क्षणभर खाली वाकला, की पुरे. एकाचं लक्ष उडालं की दुसरा वाचला. लढाई संपल्यावर वाळूत त्या तारा पडून राहिल्या होत्या म्हणतात, एकमेकींत गुंतलेल्या. एकेक तार एकेका माणसाच्या नजरेची.

त्या माणसाची बाजू मला समजते. मी त्याची आई असते तर त्याने सोडून लगेच पळावं अशीच माझी इच्छा असती. १९९६ साली अमेरिकन सैन्यात दाखल झालेलं जॅव्हेलिन ही इच्छा पुरवतं. पडद्यावर रणगाड्याभोवती चौकट बसवायची, कळ दाबायची. आधी एक छोटा धक्का क्षेपणास्त्राला नळीबाहेर ढकलतो, ते क्षणभर हवेत लटकल्यासारखं दिसतं, मग काही अंतरावर मुख्य इंजिन पेटतं, म्हणजे सोडणाऱ्याचं तोंड भाजत नाही. पुढे ते वर चढतं आणि रणगाड्याच्या माथ्यावर, जिथे पोलाद पातळ असतं तिथे, उतरतं. तोवर सोडणारा तिथे नसतो. हवेतल्या लढाईतही हेच झालं. पूर्वी रडारवर चालणारं क्षेपणास्त्र सोडलं तर ते पोचेपर्यंत आपल्या विमानाचं रडार लक्ष्यावर धरून ठेवावं लागे. अंधारात कुणाच्या अंगावर विजेरीचा झोत धरून उभं राहावं तसं. आताच्या क्षेपणास्त्रांच्या नाकातच विजेरी असते. या तऱ्हेला नाव आहे: डागा आणि विसरा.

विसरा. सैन्यातल्या माणसांना यात काही वावगं वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. विसरायचं म्हणजे आपला जीव सांभाळायचा, पुढच्या कामाला लागायचं. मला मात्र तो शब्द गिळता येत नाही. लक्ष एकीकडे आणि विसरणं दुसरीकडे, मध्ये ती यंत्राची नजर.

दुसऱ्या बाजूला असतो तो काय ऐकतो, काय पाहतो? मामा १९८७ साली आखातातून जहाज घेऊन गेला होता. इराण-इराक युद्धात तेव्हा तेलवाहू जहाजांवर हल्ले चालू होते. लहान असताना मी त्याला विचारत असे, भीती वाटली का, आणि तो दर वेळी जहाजावरच्या मांजरीची गोष्ट सांगून टाळायचा. या वेळी सांगितलं. रात्री डेकवरचे दिवे मालवलेले. रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर कुणीतरी कुणालातरी बोलावत राहायचं. हवा दमट, लोखंड घामेजलेलं, आणि तो कठड्याला रेलून पाण्याकडे पाहत राहायचा. "वर नाही पाहायचो. ते पाण्याला लागून येतं." समुद्रावरचं क्षेपणास्त्र लाटांच्या वर पाच-दहा मीटरवरून येतं, कारण पृथ्वी गोल आहे. जहाजाच्या डोलकाठीवर, वीस मीटर उंचीवर रडार असलं तरी इतक्या खालून येणारी वस्तू तीसेक किलोमीटरच्या आत आल्याशिवाय त्याला दिसू शकत नाही. ती आवाजाच्या वेगाच्या जवळपास असेल तर हातात दीड मिनिट. ब्रह्मोससारखी आवाजाच्या पावणेतीन पटीने येणारी असेल तर अर्धं मिनिट, तेही सगळं नीट चाललं तर. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या नौकांनी पोर्ट सैद बंदरातूनच क्षेपणास्त्रं सोडून इस्रायलची आयलात ही विनाशिका बुडवली, तेव्हा जगातल्या सगळ्या नौदलांना कळलं की मोठ्या जहाजाला आता लहानाची भीती आहे. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर तीच जात वापरली. आणि ४ मे १९८२ रोजी ब्रिटिश विनाशिका शेफील्ड. तिच्यावर इशारा देणारी यंत्रणा होती, पण तेव्हा जहाजाचं उपग्रहामार्फत बोलणं चालू होतं आणि त्या लहरींनी ती यंत्रणा आंधळी केली होती. तिच्यावर आलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र दिसलं ते जहाजाच्या ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना, नुसत्या डोळ्यांनी, धुराची रेघ म्हणून. काही सेकंद आधी. वीस माणसं गेली. त्या शेवटच्या सेकंदांत ती रेघ कुठे सरकली नसणार. दिसली तिथेच राहिली असणार, फक्त मोठी होत.

लंडनच्या लोकांना दुसऱ्या महायुद्धात हे कानांनी कळत असे. १९४४च्या जूनपासून येणारा जर्मन व्ही-१ हा उडता बॉम्ब फटफटत यायचा. त्याच्या नाकावर छोटा पंखा असे, तो वाऱ्याने फिरून अंतर मोजायचा, आणि ठरलेले फेरे झाले की यंत्र खाली झेपावायचं. त्या वेळी इंजिन बंद पडे. लोक आवाजाला भीत नसत, आवाज थांबण्याला भीत. आवाज डोक्यावरून पुढे गेला की दुसऱ्या कुणाचा तरी दिवस भरला, असं कळून सुटकेचा श्वास टाकायचे, आणि तो टाकल्याची टोचणीही लागत असेल. सप्टेंबरात व्ही-२ हे रॉकेट आलं, आवाजाच्या कितीतरी पुढे धावणारं. त्याचा स्फोट आधी व्हायचा आणि येण्याचा आवाज नंतर ऐकू यायचा. ऐकू आला म्हणजे तुम्ही जिवंत आहात. ती बनवण्यासाठी डोंगरातल्या बोगद्यांत छळछावणीतल्या कैद्यांना राबवलं गेलं. त्या कामात मेलेल्यांची संख्या व्ही-२च्या माऱ्यात मेलेल्यांपेक्षा जास्त आहे. कुणी डोळा रोखलेला नसतानाही माणसं मरत होती.

वर्गात मी एक गोष्ट दर वर्षी सांगते. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या पूर्ण लिहिता येत नाही, ०.०००११००११००११ असं न संपणारं काहीतरी येतं, कुठेतरी तोडावं लागतं. मुलं विचारतात, एवढ्याशाने काय होतं? मग मी २५ फेब्रुवारी १९९१ सांगते. सौदी अरेबियातल्या दहरानला, चालून येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजायचं आणि दर वेळी अत्यंत सूक्ष्म चूक करायचं. शंभर तास यंत्र बंद न करता चालवल्यावर ती चूक एका सेकंदाच्या एक तृतीयांशाइतकी झाली. तेवढ्या वेळात इराकी स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने ते पाहिलं, मग ते पुढे कुठे असेल याचा हिशोब केला, आणि त्या जागी पाहिलं. तिथे काही नव्हतं. म्हणून यंत्राने ठरवलं की काहीच येत नाही. २८ अमेरिकन सैनिक बराकीत मेले. सुधारलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी तिथे पोचला. इतकी वर्षं मी ही गोष्ट अंकांच्या नेमकेपणाचा धडा म्हणून सांगत आले. या वेळी सांगताना मधेच थांबले. यंत्र पूर्ण लक्ष देऊन पाहत होतं. भलत्या जागी पाहत होतं.

याची उलटी गोष्ट मी वर्गात सांगू शकत नाही. ३ जुलै १९८८. आखातात अमेरिकेची व्हिन्सेन्स ही युद्धनौका इराणी बोटींशी झुंजत असताना बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं प्रवासी विमान रडारवर आलं. जहाजावरची यंत्रणा त्या काळातली सर्वांत पुढारलेली. तिच्या नोंदीत विमान वर चढत होतं, प्रवासी विमान चढतं तसं. नंतरच्या चौकशीत त्या नोंदी निघाल्या. पण त्या बंद खोलीत, निळ्या उजेडात, कुणीतरी ते खाली उतरतंय असं सांगितलं, आणि सगळ्यांना ते आपल्यावर चालून येताना दिसलं. दोन क्षेपणास्त्रं सुटली. २९० माणसं, त्यांत ६६ मुलं. इथे यंत्राने नीट पाहिलं होतं. माणसांना, भीतीने, दुसरंच दिसलं. यंत्राच्या हाती सगळं देऊ नये असं मला दहरान वाचून वाटलं होतं. माणसाच्या हाती तरी काय ठेवायचं असं हे वाचून वाटलं. या दोन गोष्टी मला अजून एकमेकींशेजारी ठेवता येत नाहीत. एक वर घेतली की दुसरी खाली जाते.

मामाला मी हे सगळं बोलून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रात्रपाळीला नवीन पोरं यायची. रडार आहे म्हणून खुशाल आत बसायची. मी त्यांना बाहेर काढायचो. थंडीत, वाऱ्यात. म्हणायचो, उभा राहा इथे आणि दिवा दिसला की डोकं हलवून बघ. एकदा कठड्याच्या या बाजूने, एकदा त्या बाजूने." का, विचारलं. "खांबाआड काय असतं ते जागा बदलल्याशिवाय दिसत नाही. तू गाडीत डोकं हलवलं होतंस का?"

नव्हतं हलवलं. मी फक्त डोळे फिरवले होते.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने आलो. वेळ तीच, ऊन तसंच तिरपं. चौक लांब असतानाच आईचं बोलणं थांबलं. पर्स मांडीवरून उचलून तिने पायाशी ठेवली आणि हात मोकळे करून बसली. मी वेग उतरवला. पुढे वाकले, मागे टेकले, पुन्हा पुढे वाकले. उजवीकडच्या खांबाआडून एक टेम्पो बाहेर आला. तोच असेल असं नाही. लांब होता, बारीक दिसत होता, मागे धूळ उडत होती. मी चौकाच्या अलीकडे गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून. आई काचेवर बोट टेकवून त्याच्यावर धरून बसली होती, लहान मुलं आगगाडीच्या खिडकीत धरतात तसं. तिचं बोट जागेवर होतं आणि टेम्पो बोटापासून हळूहळू डावीकडे सुटत चालला होता.

"हा हलतोय गं," ती म्हणाली.

तो आमच्या समोरून गेला. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहून हात वर केला. आईनेही केला. काचेवर तिच्या बोटाचा ठसा राहिला होता, तो तिने पदराने पुसला, आणि मी गाडी पुढे काढली.